स्विफ्ट 1.3 पेट्रोल: क्लच आणि हलकं फ्लायव्हील, कामाच्या नोंदी

गाडी: मारुती स्विफ्ट, 1298 सीसीचं पेट्रोल इंजिन, 2007 ची. काम: घसरणारा क्लच बदलणं आणि फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसणारी जड चकती, हलकं करणं. क्लचची प्लेट या चकतीवर दाबली जाते आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देते. इंजिनात काही फेरफार नाही. कंपनीचा टॉर्क 113 न्यूटन-मीटर. जागा: वरुड-मोर्शी पट्ट्यातलं एक टिनाचं शेड. वापर: रोजचा डांबरी रस्ता, संत्र्याच्या दिवसांत वावरापर्यंतची पांदण, अधूनमधून परतवाडा ते चिखलदरा घाट. रेसचा हेतू नाही. म्हणून इथला प्रत्येक निर्णय हाफ क्लचवर (पॅडल अर्धवट दाबून, क्लच थोडा घसरवत) गाडी किती वेळ चालते, यावरून घेतला आहे.

5 जानेवारी 2025

उतरवण्याआधी चाचणी. इंजिन पूर्ण गरम, चौथा गिअर, ताशी 70, टॅकोमीटर 2500 वर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काटा एकदम 3000 वर गेला, वेग तिथेच. म्हणजे क्लच घसरतो. हीच चाचणी सकाळी थंड गाडीवर केली तेव्हा काही दिसलं नाही. त्यामुळे चाचणी नेहमी दहा-पंधरा किलोमीटर चालवून झाल्यावरच घ्यावी.

हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायची जुनी चाचणी केली नाही. इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच ठीक, एवढंच ती सांगते. गरम झाल्यावर काय होतं ते कळत नाही आणि प्लेट मात्र जळते.

7 जानेवारी

गिअरबॉक्स खाली घेतला. शेडची जमीन काळ्या मातीची. तिच्यावर स्टँड ठेवला की एक पाय खचतो. प्रत्येक स्टँडखाली दोन इंच जाडीची सागवानी फळी दिली, चाकांसाठी वेगळ्या. गाडी जॅकवर असताना खाली कोणी जायचं नाही, स्टँडवर टेकल्यावरच.

क्रम असा: बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, क्लच केबल, गिअरची जोडणी, स्टार्टर, गिअर ऑइल, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, मग इंजिनला वरून आडव्या पाइपने टांगून मागचं आणि डावं माउंटिंग. गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून क्लचमध्ये शिरणारा दांडा) लोंबकळू द्यायचा नाही. बोल्ट निघाल्यावर एकाने जॅक सांभाळायचा, दुसऱ्याने बॉक्स सरळ रेषेत मागे ओढायचा. तिरपा ओढला की शाफ्ट जुन्या प्लेटच्या हबमध्ये अडकतो.

बेलहाऊसिंगमधली (क्लचवरचं घंटेसारखं कवच) काळी पूड कॉम्प्रेसरने उडवली नाही. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्यात साबण घालून ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

8 जानेवारी

तपासणी. प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यावर फक्त 0.3 मिमी अस्तर (घर्षणाचा थर) उरलेलं, 0.5 च्या खाली गेलं की प्लेट बाद. फ्लायव्हीलवर निळे डाग, मधोमध केसासारख्या बारीक उष्णतेच्या रेषा. रेषा वरच्यावर असतील तर फेसिंगने (लेथवर तळ थोडा खरडून) जातात. बोल्टच्या भोकातून बाहेर धावणारी चीर असती तर फ्लायव्हील भंगारात. डोळ्यावर विसंबलो नाही, लाल रंगाच्या डाय-पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणारा द्रव) पाहिलं. चीर नाही.

क्रँकचं मागचं ऑइल सील ओलसर होतं. इतकं उघडल्यावर ते न बदलणं म्हणजे महिन्याभराने हेच काम पुन्हा करणं. यादीत घेतलं: मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील, पायलट बेअरिंग (फ्लायव्हीलच्या मधलं, इनपुट शाफ्टचं टोक धरणारं), रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं).

पायलट बेअरिंग आजच काढलं. फ्लायव्हील हातात असल्यावर ते मागच्या बाजूने योग्य मापाच्या सॉकेटने दाबून निघतं, पुलर लागत नाही.

9 जानेवारी

फ्लायव्हील रिंग गिअरसकट (स्टार्टर ज्याला फिरवतो ते काठाचं दातेरी कडं) 6.4 किलो. पण वजनाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. मधला दीड किलो आणि काठावरचा दीड किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून फिरतं जडत्व, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, मोजलं. त्याला काही यंत्र लागत नाही.

प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबणारं स्प्रिंगचं झाकण) हिच्या बोल्टच्या भोकांपैकी 120 अंशांवरची तीन भोकं निवडली. केंद्रापासून त्यांचं अंतर 110 मिमी. तीन सारख्या लांबीच्या बारीक पोलादी तारांनी फ्लायव्हील शेडच्या आढ्याला आडवं टांगलं, तारेची लांबी 1.5 मीटर. वरची तीन टोकंही त्याच 110 मिमीच्या वर्तुळात. तारा अगदी उभ्या हव्यात आणि फ्लायव्हील समपातळीत. पाच-सात अंश पिळा देऊन सोडलं आणि 20 झोके मोजले. पहाटे, वारा नसताना. तीनदा मोजलं, सरासरी 42.5 सेकंद, म्हणजे एका झोक्याला 2.125.

सूत्र: वजन (किलो) गुणिले 9.81 गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले झोक्याच्या वेळेचा वर्ग, भागिले (39.48 गुणिले तारेची लांबी). लांबी सगळीकडे मीटरमध्येच घालायची. उत्तर 0.058 किलो-वर्गमीटर.

झोका बाजूला हेलकावला तर ते मोजमाप सोडून द्यावं. फक्त पिळ्याचा झोका हवा.

10 जानेवारी

किती काढायचं, याचा हिशेब. गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोन्ही पुढची चाकं सोबत फिरवून मोजलं होतं: पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या सुमारे साडेचौदा फेऱ्या, दुसऱ्यात 7.8, तिसऱ्यात 5.25, पाचव्यात 3.1. टायर 165/80 आर14, भाराखाली त्रिज्या 0.295 मीटर.

काठाजवळून, सरासरी 105 मिमी त्रिज्येवरून, 1.5 किलो काढला तर जडत्व 0.0165 ने कमी होतं. त्याला गिअरच्या गुणकाच्या वर्गाने गुणून टायरच्या त्रिज्येच्या वर्गाने भागलं, की गाडी वेग घेताना किती किलो हलकी वाटेल ते मिळतं. पहिल्यात 40 किलो, दुसऱ्यात साडेअकरा, तिसऱ्यात सव्वापाच, पाचव्यात दोनसुद्धा नाही. हाच दीड किलो 50 मिमी त्रिज्येवरून काढला असता तर पहिल्या गिअरमध्येही जेमतेम नऊ.

एक टनाच्या गाडीत दुसऱ्या गिअरला साडेअकरा किलो म्हणजे एक टक्का. स्टॉपवॉचला हे दिसणार नाही, आणि जो दिसेल म्हणतो त्याने मोजलेलं नसतं. खरा फायदा क्लच दाबलेला असताना आहे: गिअर बदलताना इंजिनचा आरपीएम लवकर पडतो आणि लवकर चढतो. घाटात खालचा गिअर टाकताना हे पायाला कळतं.

आता तोटा, आणि आपल्याकडे तोच महत्त्वाचा. पांदणीत चिखल-खड्ड्यातून मागे घेताना हाफ क्लचवर 60 न्यूटन-मीटरचा टॉर्क आणि सुमारे 950 आरपीएमची घसरण धरली तर क्लचमध्ये सहा किलोवॉट उष्णता तयार होते. तीस सेकंदांत 180 किलोज्यूल. त्यातली निम्मी फ्लायव्हीलमध्ये जाते. 6.4 किलोच्या बिडाचं (ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील) सरासरी तापमान त्याने 29 अंशांनी वाढतं, 4.9 किलोचं 38 अंशांनी. घर्षणाच्या पृष्ठभागावर तर याच्या कितीतरी पट. साडेतीन किलोचं फ्लायव्हील घेतलं असतं तर 53 अंश. म्हणून 1.5 किलोवर थांबायचं ठरवलं. पक्क्या रस्त्यावरच चालणाऱ्या गाडीने आणखी थोडं उतरायला हरकत नाही. वावरात जाणाऱ्या गाडीने नाही.

दुसरी मर्यादा बिडाची. 6500 आरपीएमला काठ ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास फिरतो आणि काठात सुमारे 56 मेगापास्कल ताण येतो. ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो: 20 टक्के जास्त फिरवलं तर ताण 44 टक्के जास्त. कंपनीची आरपीएम मर्यादा वाढवायची असेल तर बिडाचं फ्लायव्हील खरडू नये, घडीव पोलादाचंच घ्यावं. फुटलेलं फ्लायव्हील बेलहाऊसिंग आणि फायरवॉल फोडून पायांपर्यंत येतं. वजन कमी करायला काठात भोकं पाडणं तर कधीच नाही. प्रत्येक भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो.

13 जानेवारी

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या लेथवर काम. टर्नरला कागद लिहून दिला, तोंडी सांगितलं नाही:

मागची बाजू, म्हणजे इंजिनकडची. 85 ते 122 मिमी त्रिज्येचा पट्टा, खोली 8.7 मिमी. आतल्या कोपऱ्यात किमान 5 मिमीची गोलाई. धारदार कोपरा ठेवला की चीर तिथूनच सुरू होते. घर्षणतळामागे कुठेही 12 मिमीपेक्षा कमी धातू नको. प्रेशर प्लेटचे बोल्ट 8 मिमीचे आहेत आणि त्यांची भोकं याच पट्ट्यात येतात, तेव्हा आट्यांनाही किमान 12 मिमी उरले पाहिजेत. क्रँकवर बसणारा मधला भाग आणि रिंग गिअरची बैठक यांना हात लावायचा नाही.

रिंग गिअर आधी काढला. दात दोन ठिकाणी, समोरासमोर, झिजलेले होते. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना त्याच दोन जागी थांबतं. उलटवून बसवायची सोय असते, पण आपण नवा घेतला.

कार्बाइड टूल, 120 आरपीएम, एका पासात एक मिमी, कूलंट नाही. बीड कोरडंच कापतात. पकडताना चकाऐवजी क्रँकच्याच बोल्टभोकांतून फेसप्लेटवर बांधलं आणि मधल्या भोकावर डायल गेज लावून 0.02 च्या आत आणलं. यात अर्धा तास गेला. हा अर्धा तास वाचवला तर पुढे बॅलन्सिंगला दुप्पट धातू काढावा लागतो.

घर्षणतळावरून 0.25 मिमी घेतलं. जेवढं तळावरून, तेवढंच प्रेशर प्लेट बसते त्या काठावरून. दोघांतल्या पायरीचं माप आधी चार ठिकाणी घेऊन ठेवलं होतं, नंतर तेच आलं. फक्त तळ खाली गेला असता तर प्रेशर प्लेट लांब राहून तिचा दाब कमी झाला असता. नवा क्लच बसवूनही घसरतो, अशा बऱ्याच गाड्यांचं कारण हेच असतं.

ज्या गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलच्या खाचा वाचतो, तिथे त्या खाचा लेथखाली जाणार नाहीत हे आधी पाहावं. टायमिंगची खूण असेल तर तीही.

15 जानेवारी

काल संक्रांत, लेथ बंद. आज नवा रिंग गिअर चढवला. 260 मिमीची रिंग 200 अंशांनी तापली की 0.6 मिमी फुगते, तेवढं पुरतं. रिंगवर एक जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि सगळीकडून सारखी आच दिली. त्या जागेला गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग आला की थांबायचं. जांभळा-निळा आला तर दातांचं पाणी उतरलं, ती रिंग गेली. दातांची उतरती बाजू स्टार्टरकडे. ठोकावं लागत असेल तर रिंग पुरेशी तापलेली नाही. आपली हातानेच बसली.

वजन 4.9 किलो. पुन्हा तारांवर टांगलं: 20 झोके 41.1 सेकंद, जडत्व 0.0415. वजन 23 टक्क्यांनी उतरलं, जडत्व 28 टक्क्यांनी. कागदावरचा हिशेब आणि झोके जुळले.

17 जानेवारी

नागपूरला बॅलन्सिंग. आधी फ्लायव्हील एकटं, मग नव्या प्रेशर प्लेटसकट. सुरुवातीला 210 ग्रॅम-मिमी. 6000 आरपीएमला हा साडेआठ किलोचा फिरता धक्का होतो. शेवटी 30 च्या आत. धातू मागच्या बाजूने, उथळ ड्रिलने काढला. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर पंचने जोडखूण केली. पुढे उघडलं तर याच खुणेवर बसवायचं.

18 जानेवारी

क्लचची निवड. प्लेट 190 मिमी बाहेरून, 132 आतून, म्हणजे सरासरी त्रिज्या 80.5 मिमी. मूळ प्रेशर प्लेटचा दाब 3400 न्यूटन धरला. दोन बाजू, घर्षणांक 0.27: क्षमता 148 न्यूटन-मीटर, इंजिनच्या 1.3 पट. थंड असताना भरपूर. पण अस्तर तापून घर्षणांक 0.20 वर आला की 109 उरतात आणि इंजिन 113 देतं. पाच तारखेला चाचणीत जे दिसलं ते झिजलेल्या प्लेटवर, पण नवी प्लेटही घाटात याच काठावर असते.

15 टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट घेतली, 3900 न्यूटन. तापलेल्या अवस्थेतही 125 मिळतात. याहून जड घेतली नाही. केबलचा क्लच आहे, दाब वाढतो तेवढा पॅडल, केबल आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग या सगळ्यांवर येतो.

प्लेट ऑर्गॅनिक अस्तराची, स्प्रिंगच्या हबची. सिरॅमिकची सहा पाकळ्यांची प्लेट रस्त्यावर नको. ती एकदम पकडते, त्यामुळे हाफ क्लच मिळत नाही आणि पांदणीत गाडी उड्या मारत निघते. फ्लायव्हील हलकं केल्यावर तर स्प्रिंगचा हब हवाच, कारण इंजिनचे धक्के आता जास्त मोकळे गिअरबॉक्समध्ये जातात.

20 जानेवारी

बसवणी. सील ऑइल लावून सरळ बसवलं, पायलट बेअरिंग बाहेरच्या कड्यावर दाबून. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, थ्रेडलॉक, आलटून-पालटून तीन टप्प्यांत, दुरुस्ती-पुस्तिकेतल्या टॉर्कवर. नंतर डायल गेज: तळाचा रनआउट (फिरताना होणारं डगमगणं) 0.06 मिमी. मर्यादा 0.2 असली तरी 0.1 च्या वर असेल तर क्रँकच्या बैठकीवर कचरा आहे का ते पाहावं.

नव्या प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने दोनदा पुसला. पेट्रोलने पुसू नये, थर मागे राहतो. यानंतर अस्तराला बोट लावायचं नाही.

प्लेट मध्यावर धरायला सागवानाचा दोन पायऱ्यांचा दांडा लेथवर करून घेतला: पुढचं टोक पायलट बेअरिंगच्या मापाचं, मागचा भाग हबच्या. हबचा स्प्रिंगचा फुगवटा प्रेशर प्लेटकडे. उलटी बसली तर ती फ्लायव्हीलच्या बोल्टना घासते. कव्हरचे बोल्ट एकेक फेरी, समोरासमोर, शेवटी 23 न्यूटन-मीटर. स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ. प्लेट सरकवून पाहिली आणि बाहेर आलेलं पुसून टाकलं. जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जातं आणि क्लच थरथरतो.

गिअर ऑइल 75डब्ल्यू-90, जीएल-4. जीएल-5 घालू नये, सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला ते मानवत नाही.

21 जानेवारी

रिव्हर्स टाकताना करकर. पॅडल पूर्ण दाबून तीन सेकंद थांबलं तरी करकर, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. मोकळी चाल तर बरोबर: पॅडलला 15 ते 20 मिमी, क्लचच्या आर्मला (केबल ओढते तो दांडा) दोन-तीन.

गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी केबल पाहिली. एकाने पॅडल दाबलं, दुसऱ्याने आर्मची चाल मोजली. मग केबलच्या बाहेरच्या वेटोळ्यावर हात ठेवून पुन्हा. पॅडल दाबताना वेटोळं सरळ व्हायला पाहत होतं. आतलं प्लास्टिक झिजलेलं. जुन्या हलक्या दाबाला ते चालून जात होतं, 15 टक्के वाढल्यावर आर्मची चार मिमी चाल केबलच खाऊन टाकत होती. नवी केबल टाकली, वळणं मोठी ठेवली, एक्झॉस्टपासून लांब. करकर बंद. दाब वाढवणाऱ्याने केबल यादीतच धरावी.

23 जानेवारी

वेगातून ब्रेक लावत क्लच दाबला की आरपीएम 500 पर्यंत पडून सावरतो; दोनदा इंजिन बंद पडलं. हलक्या फ्लायव्हीलचा हा अपेक्षित त्रास आहे. आरपीएम पडण्याचा वेग वाढला, पण आयडलचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह जुन्याच वेगाने उघडतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) काढली, पाकळीच्या कडेला काळा थर. तो आणि आयडल व्हॉल्व्हची वाट साफ केली, व्हॅक्यूमचा एक तडकलेला पाइप बदलला, बॅटरी सोडून जोडली. आता 650 च्या खाली जात नाही. आयडल स्क्रूने 1000 वर चढवून ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने पहिल्या गिअरमध्ये गाडी ढकलत राहते आणि पेट्रोल जातं.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर गिअरबॉक्समधून हलकी खडखड येते, दाबला की थांबते. बेअरिंग नाही, दातांतली मोकळीक वाजते. राहणार.

16 फेब्रुवारी

600 किलोमीटर झाले. पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, कॅरेट लादले नाहीत, 3500 च्या वर नाही. अस्तर बसायला हायवेचे किलोमीटर कामाचे नाहीत. सुटायच्या-थांबायच्या फेऱ्या लागतात, म्हणून गाडी बाजारच्या गर्दीतून मुद्दाम नेली. पहिले दोनशे किलोमीटर सुटताना बारीक थरथर होती, पुढे आपोआप गेली. पाचशेनंतरही राहिली असती तर तेल किंवा माउंटिंग शोधायला लागलं असतं.

20 फेब्रुवारी

परतवाडा ते चिखलदरा, चार माणसं आणि सामान. चढावर थांबून दहा वेळा सुटलो. हँडब्रेक धरून, 1500 वर, क्लच दोन सेकंदांत पूर्ण सोडून. वास नाही. वर पोहोचताच पाच जानेवारीचीच चाचणी: चौथा गिअर, ताशी 70, पूर्ण ॲक्सिलरेटर. काटा वेगासोबतच चढला.

सुटताना पूर्वी 1100 पुरत होते, आता 1300 लागतात. दुसऱ्या चालकाला गाडी देताना हे सांगावं लागतं, नाहीतर तो पहिल्या चढावर दोनदा बंद पाडतो.

12 मार्च

संत्र्याच्या मृग बहाराची तोड. आठ कॅरेट, पांदण, दिवसाला सहा फेऱ्या. तिसऱ्या दिवशी मागे घेताना वास आला. चालक बांधाजवळ जागा कमी म्हणून हाफ क्लचवर मिनिटभर मागेपुढे करत होता. गाडी न्यूट्रलला ठेवून, इंजिन सुरू ठेवून दहा मिनिटं थांबवली. कव्हर फिरत राहिलं की हवा खेळते. नंतर घसरण नाही. तेव्हापासून बांधाशी वळण्याऐवजी गाडी आधीच उलटी नेतात.

केबलची मोकळी चाल 15 वरून 11 मिमी झाली होती. अस्तर बसलं की ती कमीच होते. 18 वर आणली. ही चाल संपली तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच न दाबताही घसरतो.

18 मे

दुपारचं ऊन, एसी चालू, फाटकावर पंधरा मिनिटं थांबून. आयडल 750 वर स्थिर. कंप्रेसर लागताना काटा शंभरने हलतो. 3,900 किलोमीटर. मोकळी चाल 16 मिमी. बेलहाऊसिंगच्या तळाचं भोक बंद नाही ना, ते पाहिलं. पांदणीच्या काळ्या मातीने अर्धं बुजलं होतं, तारेने मोकळं केलं. पुढची तपासणी पावसाळ्यानंतर.